शेजाऱ्याशी गडग्यावरून वाजलं तर काय करावं

आमच्याकडे कोकणात दोन परसांच्या मध्ये गडगा असतो. जांभ्याचे नाहीतर काळे धोंडे एकावर एक रचलेले, कंबरेएवढे, मध्ये ना चुना ना सिमेंट. दर पावसात त्यातले चार ढासळतात. मे महिन्यात कोणीतरी ते परत रचतं आणि रचणारा ते नेमके जुन्या जागी ठेवत नाही. असं पन्नास-साठ वर्षं चाललं की गडगा हातभर इकडे नाहीतर तिकडे जातो. त्यात कोणाची चोरी असतेच असं नाही. हे आधी डोक्यात ठेवा, कारण बहुतेक भांडणं 'त्याने गडगा सरकवला' इथूनच सुरू होतात.

मी माझ्या वाडीच्या तीन बाजूंना भांडून झालो आहे. पुढे गावच्या तंटामुक्ती समितीत असताना लोकांच्या हद्दीही बऱ्याच तुडवल्या. त्यातून जे कळलं ते सांगतो.

भांडण नेमकं कशाचं, ते ठरवा

हद्दीची रेष कुठे, हे एक भांडण. रेषेवरून काय पलीकडे येतं, हे दुसरं. फणसाचा पाचोळा, कौलांवर पडणारी माडाची झावळी, न्हाणीचं पाणी, पागोळ्या, कोंबड्या हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं. लोक पाचोळ्यावर चिडतात आणि जमिनीची सरकारी मोजणी मागवतात. मोजणीने पाचोळा पडायचा थांबत नाही. पाण्याला चर खणा, झावळ्या उतरवायला पाडेली बोलवा, मजुरी अर्धी-अर्धी करा. एवढ्यावर मिटलं तर पुढचं वाचू नका.

कागद

सातबारा हातात नाचवू नका. त्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. हद्द नकाशात असते, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून फाळणी नकाशाची नक्कल काढा. घर गावठाणात असून तिथे सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक आणि त्याचा नकाशा. आणि कृपा करून मोबाइलवर नकाशा उघडून निळ्या ठिपक्यामागे परसात फिरू नका. तो ठिपका चार-पाच मीटर सहज चुकतो. तुमचं भांडण दीड हाताचं आहे.

वेळ

मे महिना. गवत वाळलेलं असतं, दगड दिसतात, आणि पावसाआधी गडगा रचायचाच असतो. गणपतीत विषय काढू नका. सगळे चाकरमानी एकदम सापडतात म्हणून लोकांना तो मुहूर्त वाटतो, पण घर भरलेलं, माणसं जागरणाने तापलेली आणि परतीची गाडी ठरलेली. पाच दिवसांत हद्द ठरत नाही, अबोला मात्र ठरतो.

हद्द दोघांनी मिळून चालणं

सगळं इथे अडतं. मीही इथेच आपटलो.

माझं झालं असं. दक्षिणेकडच्या शेजारी काकांशी दोनदा शब्दाला शब्द लागला, आणि 'बोलत बसू नकोस, सरळ मोजणी टाक' हा सल्ला मला चार जणांनी दिला. मी टाकली. मोजणीच्या अर्जावर लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनवाल्यांना, नोटीस जाते. माझा अर्ज काकांना कळला तो पोस्टमनकडून. रोज सकाळी गडग्यापलीकडून 'चाय झाली का रे' विचारणारा माणूस त्या दिवसापासून गप्प झाला तो चार वर्षं. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं काकूंकडून यायची, तीही बंद झाली. बायकोने दोन वर्षं केळीच्या पानावर भागवलं आणि दोन्ही वर्षं मला ऐकवलं. मोजणीतून निघालं काय, तर वरच्या अंगाला गडगा माझ्यात दीड हात आलेला आणि खालच्या अंगाला मी त्यांच्यात सव्वा हात गेलेलो. नकाशातली रेष सरळ, गडगा वाकडा. हे एका सुतळीने दिसलं असतं.

म्हणून मोजणीचा अर्ज करायचा झालाच तर आधी शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन तोंडाने सांगा. पण त्याआधी एकदा हद्द चालून बघा.

शेजारी परसात दिसला म्हणून गडग्यावरूनच विषय काढू नका. गडग्याच्या दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं आपोआप भांडायच्या पवित्र्यात येतात. घरी जा, बसा, दिवस ठरवा. आणि सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. गावातला भाऊ सगळ्याला 'हो' म्हणतो आणि आठवड्याने डोंबिवलीतल्या भावाचा फोन येतो, 'मला कोणी विचारलं?' त्याचं खरंच असतं, कोणी विचारलेलं नसतं. त्याला आधीच फोन लावा.

गवत आदल्या दिवशी काढून ठेवा. चालायच्या दिवशी हातात कोयता नको. तुम्ही तो झुडपांसाठी आणलेला असता, पण समोरच्या घरातल्या बायका खिडकीतून बघत असतात. दोन्हीकडची दोन-दोन माणसं पुरेत, त्यात एक म्हातारं असावं. मोबाइलवर शूटिंग करणारा मुलगा घरी राहू दे.

जिथे वाद पेटलाय तिथून सुरुवात करायची नाही. माणसं हमखास तीच चूक करतात: तोडलेल्या केळीपाशी उभं राहायचं आणि तिथेच दिवस घालवायचा. प्रत्येक हद्दीला एक टोक असं असतं की त्याबद्दल दोघांनाही शंका नसते. पाणंदीकडचा कोपरा, विहिरीजवळचा पुरलेला दगड, जुना माड. तिथे चुना टाका. मग दुसरं टोक शोधा, तिथे चुना टाका. दोन्हींमध्ये सुतळी ताणून बांधा. गडगा मध्ये आला तर काठ्या रोवून तिच्यावरून न्या. आता 'तुझं' आणि 'माझं' हे शब्द वापरायचे नाहीत. दोरी इथे आत जाते, दोरी इथे बाहेर येते, एवढंच बोलायचं. माणसाला खोटं ठरवलं की तो उसळतो, दोरीवर कोणी उसळत नाही. जुनी हद्दच मुळात वाकडी असेल, तर नकाशात ज्या वळणावर खूण आहे तिथे तिसरी काठी रोवा.

'आजोबांच्या वेळेपासून' हे वाक्य गिळून टाका. आजोबा त्यालाही होते.

आणि त्याच दिवशी निकाल लावू नका. दोरी दोन दिवस तशीच राहू दे. माणसं येता-जाता बघतात, मनात हिशोब करतात. तिसऱ्या दिवशी जे बोलणं होतं ते पहिल्या दिवशीच्या बोलण्याहून फार शहाणं असतं.

तरी नाहीच पटलं तर

मग हद्द कायम मोजणी, म्हणजे सरकारी मोजणीदार येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो ती. खुणा दाखवतील तेव्हा दोघंही जागेवर हजर राहा आणि तिथे पक्का दगड पुरा. खुणा शाबूत ठेवणं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जमीनधारकाचंच काम आहे. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. पोलीस ठाण्यात अदखलपात्र तक्रार लिहून यायचा सल्ला देणारे खूप भेटतील. मारामारी किंवा धमकी असेल तर जरूर जा, पण पोलीस हद्द ठरवून देत नाहीत. कोर्टात गेलातच, तर लोकअदालतीत मिटवायची तयारी ठेवा: कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं.

लिहून ठेवा

आम्ही शेवटी गडगा हलवला नाही. कागद केला: हद्द मोजणीच्या नकाशाप्रमाणे, गडगा एकमेकांच्या परवानगीने आहे तिथे. 'परवानगीने' हा शब्द विसरू नका. नाहीतर बारा वर्षांनी कोणाच्या तरी नातवाला ‘इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून जागाही आमची’ असं सांगायची बुद्धी होते. पण अशा साध्या कागदाने मालकी बदलत नाही. जमिनीची अदलाबदल खरोखर करायची असेल तर नोंदणीकृत दस्तच लागतो.

झाडांचं एकच. आंबा किंवा फणस मुळापासून तोडायचा असेल तर झाड कोणाचंही असो, परवानगी लागते. समझोत्याच्या आनंदात कुऱ्हाड चालवू नका.

गडगा रचताना

गडी कोणाचाही असो, रचताना दोन्ही घरचं एकेक माणूस उभं राहिलं पाहिजे. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सातला सुरू करतो. दगड उचलायचं वय आता काकांचं नाही. ते खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक धोंड्याला 'अजून जरा तुझ्याकडे' म्हणतात.