मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडायच्या सामूहिक कामात कसं उतरायचं

१५ चे अवयव ३ आणि ५, एवढं शाळेत सगळ्यांनी पाडलंय. २०० अंकी संख्येचे पाडायचे म्हटलं की ते एकट्यादुकट्याचं काम राहत नाही, पण त्यात भाग घ्यायला फार गणित यायला पाहिजे असंही नाही, बरा कॉम्प्युटर, थोडीफार कमांड लाइन आणि केलेल्याची नोंद ठेवायची सवय एवढं बास.

आधी घरी हात बसवा. यॅफू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, संख्या दिली की कुठली पद्धत लावायची ते स्वतःच ठरवतं. पहिली संख्या म्हणून २^६७ − १ देऊन बघा. हिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी हाताने पाडले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तुमच्या मशीनवर ते एंटर दाबायच्या आत आल्यासारखे येतील. मग ७०, ८०, ९० अंकी असं चढत जा, वेळ कसा भराभर वाढतो ते तेव्हाच कळतं.

आता संख्या निवडायची. मनाने कुठलीही उचलू नका, तिच्यात कोणालाच रस नसतो. कनिंगहॅम प्रोजेक्ट १९२५ पासून चालू आहे, २, ३, ५, ६, ७, १०, ११, १२ यांच्या घातांत १ मिळवून किंवा वजा करून येणाऱ्या संख्या, त्यातल्या बऱ्याच अजून अर्धवट फुटल्यात. फॅक्टरडीबीवर, म्हणजे आधी सापडलेल्या अवयवांच्या ऑनलाइन डेटाबेसवर, टाकून आधी बघा की कोणी आधीच फोडलीये का, आणि काम कोणी समन्वयाने चालवत असेल तर तिथे आपलं नाव लावून मगच सुरू करा.

यानंतर ईसीएम, म्हणजे एलिप्टिक कर्व्हची पद्धत, आणि ही पायरी गाळायची नाही. हिचा वेळ मुख्यतः लपलेला अवयव किती मोठा आहे त्यावर ठरतो, अख्खी संख्या किती मोठी त्यावर तेवढा नाही, म्हणून लहान अवयव असेल तर स्वस्तात सापडतो. त्यासाठी जीएमपी-ईसीएम हे सॉफ्टवेअर घ्या. ३५ अंकी अवयवासाठी बी-वन हा (शोध किती खोल जायचा ते ठरवणारा) आकडा १० लाख ठेवून साधारण ९०० कर्व्ह, म्हणजे तेवढे वेगवेगळे प्रयत्न, चालवतात, ४० अंकीसाठी ३० लाख आणि २३५० च्या आसपास. प्रत्येक कर्व्ह स्वतंत्र असतो, त्यामुळे तुमचे ५०० आणि दुसऱ्या कोणाचे ४०० सरळ बेरजेत धरता येतात, पण कधी? तुम्ही सांगितलंत तर! काहीच सापडलं नाही म्हणून लोक गप्प बसतात आणि मग दुसरा तेवढंच काम परत करत बसतो. कोरा निकालही कळवा. आणि पूर्ण संच चालवूनही तेवढा अवयव सुमारे ३७ टक्के वेळा हातून निसटतो हेही धरून चाला.

ईसीएमने हात टेकले की नंबर फील्ड सीव्ह, म्हणजे मोठ्या अवयवांसाठीची जड पद्धत, आणि खरी सामूहिक मजा इथे आहे. आधी कोणीतरी त्या संख्येसाठी चांगली बहुपदी (पॉलिनॉमियल) शोधतं, मग चाळण सुरू होते, म्हणजे 'रिलेशन' नावाच्या कोट्यवधी ओळी गोळा करायच्या. प्रत्येकाला एक रेंज मिळते, ती चालवायची, फाइल कॉम्प्रेस करून पाठवायची. कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही कारण प्रत्येक ओळ तपासता येते, डुप्लिकेट नंतर गाळता येतात, आणि एखादी रेंज राहिलीच तरी दुसरीकडून भरून काढता येते. एवढं सेटिंग नको असेल तर बॉइंक (स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर काम वाटून देणारं सॉफ्टवेअर) टाकून एनएफएस अॅट होम या प्रोजेक्टला जोडा, काम आपोआप येतं जातं.

यानंतर रिलेशन्सपासून बनणारी प्रचंड मॅट्रिक्स सोडवायचं काम मात्र असं वाटून देता येत नाही, तिथे भरपूर मेमरीवाली एक मशीन किंवा एकमेकांना घट्ट जोडलेल्या मशीनच लागतात. १९९४ मध्ये आरएसए-१२९ ही १२९ अंकी आव्हान म्हणून दिलेली संख्या फुटली (पद्धत क्वाड्रॅटिक सीव्ह, ही दुसरी चाळणीची पद्धत, होती) तेव्हाही हेच झालं, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून चाळण केली आणि शेवटची मॅट्रिक्स एका मोठ्या मशीनवर सोडवली. तेव्हा ती पायरी ज्याच्याकडे सोय आहे त्याच्यावर सोडा.

लॅपटॉपवर हे दिवसरात्र चालवू नका, तापतो. ऑफिसच्या मशीनवर तर विचारल्याशिवाय नाहीच.

शेवटी अवयव आले की गुणून आपण घेतलेली संख्याच परत येते का बघा, सगळे अवयव खरंच मूळ संख्या (प्राइम) आहेत का याची चाचणी लावा, आणि त्याच दिवशी डेटाबेसमध्ये टाका, नाहीतर कोणीतरी दुसरीकडे त्याच संख्येवर वीज जाळत बसलेलं असतं.