धमनीतलं वळण: हाताने की चुंबकाने?

हृदयाच्या धमनीची अँजिओप्लास्टी करताना वायर आत वळवायच्या दोन पद्धती आहेत: नेहमीची हाताची आणि चुंबकाची. पण चुंबक ब्लॉकेज उघडत नाही. ते काम दोन्ही पद्धतींत बलून आणि स्टेंटचंच. फरक आहे तो ०.०१४ इंची वायर (बलून-स्टेंट जिच्यावरून जातात ती बारीक तार) ब्लॉकेजच्या पलीकडे नेण्यात. तुलनाही तेवढ्याच टप्प्याची करावी.

नेहमीच्या पद्धतीत वायरचं टोक टेबलावरच वाकवून घेतात. टोकापासून १-२ मिमीवर साधारण ४५ अंशांचा बाक पुरतो. धमनीची फांदी काटकोनात निघत असेल तर मोठा. बाक धमनीच्या रुंदीला साजेसा हवा. लांब झाला तर अरुंद जागेत फिरत नाही, आखूड झाला तर फांदीच्या तोंडाला लागतच नाही. मग टॉर्कर (वायर पिळायची बाहेरची पकड) हलकेच डावी-उजवीकडे फिरवत वायर सरकवायची. टोक फिरेनासं झालं किंवा दुमडलं, की ढकलणं बंद. ते बहुधा बारीक फांदीत किंवा भिंतीच्या थरात शिरलेलं असतं. तिथे जोर केला तर चीर पडते किंवा छिद्र. वायर मागे घ्या, दुसऱ्या अँगलने बघा.

खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर. पहिल्या वळणाला बेतलेला बाक पुढे चालत नाही. शिवाय प्रत्येक वळणावर घर्षण वाढतं, हाताचा पीळ मध्येच साचतो आणि टोक एकदम उसळतं. अशा वेळी मायक्रोकॅथेटर (बारीक पोकळ नळी) वायरवरून पुढे न्यावा, म्हणजे जागा न सोडता वायर काढून बाक बदलता येतो.

नेमकी हीच अडचण चुंबकी पद्धत सोडवते. स्टिरिओटॅक्सिस कंपनीच्या ‘नायोब’ यंत्रणेत रुग्णाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्थायी चुंबक असतात. छातीत साधारण ०.०८ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकी ताकदीचं एकक) क्षेत्र तयार होतं, १.५ टेस्लाच्या एमआरआयपुढे किरकोळच. वायरच्या टोकाशी २-३ मिमीचा चुंबक असतो. क्षेत्राची दिशा बदलली की टोक वळतं, पण पुढे ओढलं जात नाही. ढकलावं लागतंच.

आधी किमान ३० अंशांच्या फरकाने दोन अँजिओ चित्रं (धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेली एक्स-रे चित्रं) घ्या, दोन्ही हृदय सैल पडलेल्या क्षणाची. त्यांवरून धमनीची मध्यरेषा आखून त्रिमितीय नकाशा बनवा. प्रत्येक वळणापाशी दिशा द्या, टोक वळलेलं पडद्यावर पाहा, मगच काही मिलिमीटर सरकवा.

इथे चूक होते ती बहुतेक नकाशाची. रुग्ण किंचित हलला, खोल श्वास घेतला, तरी रेषा सरकते. वायर आत गेल्यावर वाकडी धमनी थोडी सरळ होते, तेव्हाही नकाशा खोटा ठरतो. त्या वेळी कॉन्ट्रास्टचा (त्याच रंगद्रव्याचा) छोटा डोस देऊन पुन्हा जुळवा. चुंबक जवळ असताना सी-आर्मही (एक्स-रे यंत्राचा फिरता हात) फारसा फिरत नाही. पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके बिघडल्यास शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्या रुग्णासाठी हा मार्ग सहसा वर्ज्य.

निवड करताना ब्लॉकेजची टक्केवारी पाहू नका, कोन पाहा. धमनी सरळ असेल तर मांडणीतच वेळ जातो, हातच बरा. जुन्या, पूर्ण बंद धमनीच्या कडक टोपीपुढेही (ब्लॉकेजच्या तोंडावरच्या टणक थरापुढेही) चुंबक कमी पडतो. तिथे १२ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त टोकभाराच्या (टोक वाकायला लागणाऱ्या जोराच्या) ताठ वायरी लागू शकतात. नागमोडी धमनी किंवा उलटी वळणारी फांदी असेल तर मात्र चुंबकाचा विचार करावा.

आकडे नोंदवताना वायर गायडिंग कॅथेटरमधून (धमनीच्या तोंडाशी ठेवलेल्या नळीतून) बाहेर पडल्यापासून ब्लॉकेज पार होईपर्यंतचा वेळ, फ्लुरोस्कोपी (सलग एक्स-रे चालू असल्याचा वेळ) आणि कॉन्ट्रास्ट वेगळे लिहा. नकाशाची मिनिटं आणि त्यासाठी लागलेला कॉन्ट्रास्ट चुंबकाच्याच खात्यात धरा. ते वगळले तर चुंबक उगाचच वेगवान दिसतो.