ढोलीतल्या डासांचा बंदोबस्त: ओहायोतल्या मराठी आईबापांसाठी

महाराष्ट्रात आरोग्यसेवक होतो, हिवताप-डेंग्यूचं काम. लोकांचे रांजण आणि पिंपं उपडी करण्यातच सगळी नोकरी सरली. आता मुलीकडे ओहायोत असतो. घरामागे ओक-मेपलचं रान आहे आणि नातवंडं तिथेच हुंदडतात, म्हणून हे लिहितो.

इथे डास चावल्याने पसरणारा ला क्रॉस नावाचा विषाणू आहे. १९६० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस शहरात एक लहान मुलगी मेंदूज्वराने दगावली. तिच्या मेंदूच्या जपून ठेवलेल्या नमुन्यात तो पुढे सापडला. बहुतेकांना काही होत नाही, पण सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते. लस नाही.

डेंग्यूत माणूस, डास, पुन्हा माणूस अशी साखळी असते. इथे माणूस लागतच नाही. चिपमंक (पट्टेवाली छोटी खार) आणि करड्या खारींच्या रक्तात विषाणू थोडे दिवस राहतो, तेवढ्यात एडिस ट्रायसिरिएटस जातीच्या डासाची मादी तो उचलते. पुढे ती तो आपल्या अंड्यांतच उतरवते. अंडी ढोलीच्या भिंतीला चिकटून बर्फाचे महिने काढतात आणि वसंतात पाणी चढलं की काही डास विषाणू घेऊनच जन्मतात. म्हणून खारींच्या मागे लागू नका. अंड्यांच्या मागे लागा.

आपला 'कोरडा दिवस', म्हणजे आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, इथेही पाळा, पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर असतात. बादली, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांचं पाणपात्र आतून ब्रशने खसाखसा घासा. जुने टायर असतील तर सरळ टाकून द्या. टायर म्हणजे डासाच्या लेखी ढोलीच.

मग टॉर्च घेऊन झाडं बघा. बुंध्याजवळचे खळगे, जुने बुडखे, जिथे पानांचं काळं पाणी साचतं ते सगळे वाळू-मातीने गच्च भरा. पाणी काढायला खोडाला भोक पाडू नका, झाड सडतं. भरता येत नसेल तिथे बीटीआय जिवाणूच्या वडीचा तुकडा टाका. तो अळ्या मारतो, चिपमंक प्यायला तरी बाधत नाही. अळ्या खाणारे गप्पी मासे ढोलीत सोडायचा विचार माझ्याही मनात आला होता, मुलगी हसली.

हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीचा उपयोग नाही. रानात जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डीईईटी हे डास पळवणारं औषध. जुलै ते सप्टेंबरमध्ये मुलाला ताप, डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा झटके आले तर थांबू नका. थेट इस्पितळात न्या, आणि मूल रानात खेळतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा.