दुसऱ्या महायुद्धाचं पारडं कधी फिरलं? उत्तर लिहिताना या चुका टाळा

'६ जून १९४४ रोजी दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि युद्धाचं पारडं फिरलं.' स्पर्धा परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य इतक्यांदा भेटतं, की आता नुसतं 'नॉर्मंडी' दिसलं तरी लाल पेन तिकडे वळतं. तारीख बरोबर असते, ठिकाण बरोबर असतं. गडबड शेवटच्या क्रियापदात असते. पारडं त्या दिवशी फिरलं नाही, ते फिरून दीड वर्ष होत आलं होतं.

या विषयावरच्या बहुतेक चुका अशाच असतात. माहिती चुकत नाही, माहितीची जागा चुकते. म्हणून मी मुलांना एक साधा प्रश्न देतो: या लढाईच्या आधी हरणाऱ्या बाजूला काय जमत होतं, जे नंतर पुन्हा कधीच जमलं नाही? ठोस उत्तर सापडलं तर तिला कलाटणी म्हणा. नाही सापडलं तर ती मोठी लढाई होती, शौर्याची होती, पण कलाटणी नव्हती.

सगळं थंडीवर ढकलणं

'हिटलरला रशियाच्या थंडीने हरवलं' हे वाक्य लिहायला सोपं आणि वाचायला झकास. पण थंडी काय फक्त जर्मनांच्या खंदकात पडत होती? मॉस्कोवरची चढाई २ ऑक्टोबर १९४१ ला सुरू झाली आणि आधी अडकली ती चिखलात, बर्फ नंतर आला. त्याहून मोठी अडचण रुळांची होती. सोव्हिएत रेल्वेचे रूळ जर्मन रुळांपेक्षा सुमारे नऊ सेंटीमीटर रुंद होते. मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवताना काय हाल होतात हे तिथल्या जुन्या माणसांना विचारा. तेच काम हजार किलोमीटरवर, डोक्यावर लढाई चालू असताना, तीस लाखांच्या फौजेसाठी करायचं होतं. एक तर माल बदला, नाहीतर रूळ उखडून आत सरकवा. गरम कपडे पोलंडमध्ये पडून राहिले, कारण गाड्यांत आधी दारूगोळा आणि इंधन जायचं.

५ डिसेंबर १९४१ ला सोव्हिएत फौजांनी प्रतिहल्ला चढवला. आता आपला प्रश्न लावा. १९४१ मध्ये जर्मनीने बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत सगळ्या आघाडीवर एकदम हल्ला केला होता. १९४२ मध्ये तो फक्त दक्षिणेत करता आला. १९४३ च्या जुलैत फक्त कुर्स्कच्या फुगवट्यावर, म्हणजे सोव्हिएत आघाडी जर्मन बाजूत पुढे घुसली होती तिथे, आणि तोही फसला. दरवर्षी हल्ल्याची लांबी आखूड होत गेली. उत्तरात हे एवढं लिहिलंत तरी परीक्षकाला कळतं की या मुलाने नकाशा पाहिलाय.

जाता जाता, 'रशियाने' असं सरसकट लिहू नका. सोव्हिएत संघ म्हणा. त्या सैन्यात युक्रेनी होते, बेलारुशी होते, जॉर्जियन, कझाक, उझबेकही होते.

स्टालिनग्राडची लढाई फक्त शहरात शोधणं

सगळे जण व्होल्गाकाठच्या या शहरातली घराघरांतली, जिन्याजिन्यावरची लढाई लिहितात. ती झालीच. पण निकाल लागला तो शहराबाहेरच्या उघड्या माळावर. १९ नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत सैन्याने वायव्येकडून आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून धडक मारली, ती जर्मनांवर नाही, तर त्यांच्या बगला सांभाळणाऱ्या रुमानियन फौजांवर. त्यांच्याकडे रणगाडे भेदणाऱ्या तोफा अगदीच तुटपुंज्या होत्या. चार दिवसांत दोन्ही टोकं कलाचजवळ भेटली आणि जर्मनीचं सहावं सैन्य आत कोंडलं गेलं.

जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने विमानांनी रसद पुरवण्याचा शब्द दिला. रोज किमान ३०० टन लागणार होते, पोचत होते सरासरी शंभरच्या आसपास. ३० जानेवारी १९४३ ला हिटलरने या कोंडलेल्या सैन्याचा सेनापती पाउलुसला बढती देऊन फील्ड मार्शल केलं. जर्मनीचा एकही फील्ड मार्शल तोवर शत्रूच्या हाती जिवंत लागला नव्हता, तेव्हा बढतीचा अर्थ उघड होता: मर, पण शरण जाऊ नकोस. पाउलुस दुसऱ्याच दिवशी शरण गेला. शहराच्या उत्तर भागातली तुकडी २ फेब्रुवारीपर्यंत लढत राहिली. सुमारे ९१ हजार कैदी झाले. त्यातले पाच-सहा हजारच कधीतरी घरी परतले, शेवटचे १९५५ मध्ये.

'मिडवेनंतर जपान संपला'

नाही संपला. ४ जून १९४२ च्या सकाळी साडेदहाच्या आत, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ, काही मिनिटांच्या फरकाने, जपानची 'अकागी', 'कागा' आणि 'सोर्यू' ही तीन विमानवाहू जहाजं पेटली. चौथं 'हिर्यू' त्याच दिवशी दुपारनंतर. अमेरिकेने 'यॉर्कटाउन' गमावलं. पण त्यानंतरही ग्वाडलकनाल बेटासाठी सहा महिने रक्त सांडावं लागलं आणि जपान आणखी तीन वर्षं लढला. मिडवेने जपानकडून एकच गोष्ट हिरावून घेतली: पुढची लढाई कुठे करायची हे आपण ठरवण्याची मुभा. बुडालेली चार जहाजं जपानला भरून काढता आली नाहीत. अमेरिकेच्या गोद्यांतून मात्र युद्ध संपेपर्यंत डझनावारी विमानवाहू जहाजं बाहेर पडली.

पर्ल हार्बरबद्दलही, म्हणजे हवाईतल्या अमेरिकी नाविक तळावरच्या जपानी हल्ल्याबद्दलही, एक दुरुस्ती. 'पर्ल हार्बरमुळे अमेरिका जर्मनीशी लढू लागली' हे अर्धंच खरं. अमेरिकेने ८ डिसेंबर १९४१ ला युद्ध पुकारलं ते फक्त जपानविरुद्ध. ११ डिसेंबरला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच्यावर तशी कुणी सक्ती केली नव्हती, जपानशी झालेल्या करारातही नाही. शिवाय पॅसिफिकमधलं युद्ध पर्ल हार्बरला सुरू झालंच नाही. त्याच्या तासभर आधी जपानी सैनिक मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले होते, आणि तिथे समोर बंदुका रोखून बसले होते ते भारतीय लष्कराचे डोग्रा जवान.

दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर

घाबरू नका, आणि एक खोडून दुसरी लिहूही नका. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. पर्ल हार्बर हवाईच्या घड्याळात ७ डिसेंबर आहे, तर टोकियोच्या घड्याळात ८. कोटा भारूची तारीखही ८ च लिहिली जाते, मग 'तासभर आधी' कसं, असं मुलं विचारतात. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, म्हणून. जर्मनीने शरणपत्रावर सही केली ती ७ मे १९४५ ला फ्रान्समधल्या रीम्स इथे. स्टालिनला ते पटलं नाही, म्हणून ८ मेच्या रात्री बर्लिनमध्ये पुन्हा सही झाली, आणि तेव्हा मॉस्कोत ९ तारीख उजाडली होती. विजय दिन पश्चिमेत ८ ला आणि रशियात ९ ला का, याचं कारण इतकंच आहे. मी स्वतः सुरुवातीला बरीच वर्षं ९ मे ही छपाईची चूक म्हणून खोडायला लावायचो. एका मुलाने भर वर्गात मला दुरुस्त केलं.

जपानचंही तसंच. १५ ऑगस्टला सम्राटाचं भाषण रेडिओवर झालं, सही २ सप्टेंबरला अमेरिकेच्या 'मिझूरी' जहाजावर. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या तर लढायाच दोन: जुलै १९४२ मध्ये जर्मन सेनापती रोमेलला अडवलं ती पहिली, २३ ऑक्टोबरला सुरू होऊन त्याला मागे रेटलं ती दुसरी. नुसतं 'एल अलामेन, १९४२' लिहून मोकळे होऊ नका.

'अणुबॉम्ब पडला, जपान शरण गेला'

इथे तारखा उभ्या एकाखाली एक लिहा, मग बोला. ६ ऑगस्ट १९४५ हिरोशिमा. ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने युद्ध पुकारलं, ९ ला पहाटेपूर्वीच त्यांच्या फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या. त्याच सकाळी नागासाकी. त्या वेळी टोकियोत सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक चालू होती आणि नागासाकीची बातमी बैठकीतच पोचली. तरी शरणागतीच्या अटींवर मतं तीन विरुद्ध तीन. रात्री उशिरा सम्राटापुढे बैठक झाली आणि १० च्या पहाटे त्याने शरणागतीच्या बाजूने कौल दिला. जपानचा शेवटचा भरवसा होता तो सोव्हिएत संघाच्या मध्यस्थीवर, आणि तो दोन बॉम्बच्या मधल्या वेळात तुटला. कशाचं वजन किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. तुम्ही निवाडा करू नका, पण सोव्हिएत हल्ला गाळूनही चालणार नाही.

युद्धानंतरचं सगळं 'परिणाम' या एका मथळ्याखाली कोंबणं

या भागात चुकांचा नुसता बाजार असतो. व्हर्साय तह पहिल्या महायुद्धाचा, राष्ट्रसंघही त्याच वेळचा. तो इथे आला की मार्क गेले. याल्टाच्या परिषदेत, फेब्रुवारी १९४५ मध्ये, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले होते. पॉट्सडॅमच्या परिषदेला, जुलैत, रूझवेल्ट हयातच नव्हता. त्याच्या जागी ट्रुमन आला, आणि परिषद चालू असतानाच इंग्लंडात निवडणुकीचा निकाल लागून चर्चिलच्या खुर्चीत ॲटली बसला. युरोपला उभं करण्यासाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीची मार्शल योजना १९४५ ची नाही. तिची घोषणा जून १९४७ ची, पैसा १९४८ पासून. आणि जर्मनीचे दोन देश झाले ते १९४९ मध्ये; १९४५ ला झाले होते ते ताब्याचे चार विभाग.

पण खरी मोठी चूक वेगळीच आहे. 'युद्ध संपलं, मग नवी व्यवस्था आली' असा क्रम धरला जातो. नवी व्यवस्था युद्ध चालू असतानाच आकार घेत होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ ला सह्या झाल्या, तेव्हा जपानच्या ओकिनावा बेटाची लढाई नुकतीच थंडावली होती आणि हिरोशिमा अजून उभं होतं. त्या सनदेवर भारताचीही सही आहे, ब्रिटिशांचा अंमल असताना.

हा क्रम डोक्यात बसवायचा तर मी मुलांना जुलै १९४४ हा एक महिना देतो, आणि आपला एक जिल्हा: तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. नॉर्मंडीच्या गाजावाजात इटलीची आघाडी उत्तरांतून पार गायब होते. दोस्त फौजा नॉर्मंडीच्या दोनच दिवस आधी रोममध्ये शिरल्या होत्या, आणि तिथून उत्तरेकडे रेटणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्री होती. १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीनायक ते स्वतः, बाकी सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे धावून गेले. बॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला गोळी घातली, मग मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना हाणलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

त्याच महिन्यात, १ ते २२ जुलै, अमेरिकेत ब्रेटन वूड्सच्या हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जागतिक नाणेनिधी आणि जागतिक बँक कशी असावी यावर खल करत होते. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धात हिंदुस्थानने पुरवलेल्या मालाचे आणि सैन्यखर्चाचे पैसे ब्रिटनकडे पौंडांत थकत चालले होते. हा हिशेब परिषदेच्या चौकटीत यावा असा त्या शिष्टमंडळाने आग्रह धरला. ब्रिटनने तो मानला नाही.