राजवाड्यातली खोली ठरवताना

राजवाड्यात मुक्काम करायचा तर नुसतं हॉटेल ठरवून भागत नाही, खोली ठरवावी लागते. नव्या इमारतीत शेजारशेजारच्या दोन खोल्या सारख्याच असतात. जुन्या वास्तूत एक खोली राणीवशातली, दुसरी एकेकाळच्या कचेरीतली आणि तिसरी अलीकडे मागच्या अंगणात बांधलेली निघते. संकेतस्थळावर तिन्हींचं नाव 'हेरिटेज रूम'च असू शकतं.

आधी इतिहास तपासा. पाटीवर 'पॅलेस' कुणीही लिहितं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज वर्गात 1950 पूर्वीच्या वास्तूच बसतात, तेव्हा हा दर्जा आहे का ते विचारा. मग दोन सालं पाहा: वास्तू कधीची आणि हॉटेल कधीपासून. राजस्थानातला नीमराणाचा किल्ला 1464 चा, हॉटेल 1991 पासून. टेकडीवर टप्प्याटप्प्यानं चढत गेलेला असल्यानं तिथे पायऱ्या सुटत नाहीत. जोधपूरचं उमेद भवन मात्र 1943 साली पुरं झालं. तिथे बुरूज-दिंड्या शोधणारा हिरमुसतो आणि आर्ट डेको ही विसाव्या शतकातली भौमितिक आकारांची शैली आवडणारा खूश होतो. शिवाय त्याच्या एका भागात राजघराणं राहतं, एका भागात संग्रहालय आहे. हॉटेल उरलेल्या भागात.

प्रेमकहाणीच्या ओढीनं जाणाऱ्यांनी खिसा जरा सांभाळावा. जयपूरच्या रामबाग राजवाड्यात महाराजा सवाई मानसिंह आणि महाराणी गायत्रीदेवी राहत. 1957 मध्ये त्याचं हॉटेल झालं. अशा ठिकाणी राजा-राणीच्या नावाचे सूट सर्वांत महाग असतात. पण व्हरांडे, बागा आणि दिवाणखाने साध्या खोलीतल्या पाहुण्यालाही मोकळे असतात, आणि खरी मजा बहुतेक वेळा तिथेच असते.

खोली ॲपवर घेण्याआधी हॉटेलला फोन करा. खोली मूळ वास्तूत आहे की नव्या भागात? कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट खोलीपर्यंत जाते का? खिडकी कशावर उघडते? त्या तारखांना आवारात लग्न आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. लग्नसराईत आख्खा राजवाडा वऱ्हाडाला दिलेला असतो. तुमची खोली वाचली तरी अंगण, जेवणघर आणि रात्रीची झोप वाचत नाही. मिळालेली उत्तरं ईमेलवर लेखी मागवा, म्हणजे काउंटरवर 'तशी खोली शिल्लक नाही' हे ऐकावं लागणार नाही. दर विचारताना करासकट विचारा: दिवसाला 7,500 रुपयांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो.

पोहोचायचं ते उजेडी. उदयपूरच्या पिछोला तलावातल्या जगनिवास राजवाड्याला नावेनंच जावं लागतं, त्यामुळे धक्का कोणता आणि सामान कोण नेणार हे आदल्या दिवशी ठरवा. सामान वर चढवण्याआधी खोली पाहून घ्या. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पोपडे किंवा पांढरा क्षार दिसला तर ती ओल जमिनीतून चढते आहे. जुन्या इमारतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. रंग देऊन ती जात नाही, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली मागा. गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून बघा. बॉयलर लांब असेल तर आधी पाईपमधलं गार पाणीच येतं, आणि तक्रार करेपर्यंत बरेचदा गरम यायलाही लागलेलं असतं.

पंधरा-सोळा फूट उंच छताची खोली गार व्हायला वेळ लागतो. जेवायला जातानाच एसी लावून ठेवा. जाड दगडी भिंतींमुळे वायफाय दाराशी थबकतं. कामाची बैठक असेल तर दिवाणखान्यात बसा. लहान मुलं बरोबर असतील तर झरोक्याचा कठडा गुडघ्याएवढाच आहे का ते पाहा. असला, तर खोली बदलून घ्या, तडजोड नको. दाराच्या चौकटी बुटक्या आणि उंबरे उंच असतात, म्हणून उशाशी टॉर्च ठेवा.

वास्तू दाखवायला माणूस मिळतो का, हे आल्या आल्या विचारा. बंद दालनांच्या किल्ल्या त्याच्याकडे असू शकतात. फेरी सकाळी लवकर ठेवा. संग्रहालय असलेल्या राजवाड्यात बाहेरचे लोक येण्याआधीचा तासभर फक्त मुक्कामाला असलेल्यांचा असतो.