इअरफोनचं रबर कानात नीट बसत नाही? आवाज वाढवण्याआधी या चुका टाळा

नव्या इअरफोनबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘याला बेसच नाही’, म्हणजे खर्जातला आवाजच येत नाही. त्यापाठोपाठ ‘अर्ध्या तासात कान दुखतो’ आणि ‘चालताना सारखा निसटतो’. बहुतेक वेळा यात इअरफोनचा दोष नसतो. दोष असतो त्याच्या टोकावरच्या छोट्या रबराचा, म्हणजे टिपचा. खोक्यात तीन-चार मापांच्या टिप्स येतात, त्यातलं मधलं माप कंपनीनेच लावून दिलेलं असतं, आणि बाकीच्या टिप्स पिशवी न फोडता खोक्यातच राहतात. मग लोक दोन-चार महिन्यांत दुसरा इअरफोन घेतात. त्यालाही मधलंच माप लावलेलं असतं.

टिपला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. इअरफोनमधला पडदा अगदी लहान असतो. मोकळ्या हवेत त्याला खर्जातला आवाज नीट काढता येत नाही. कानाची नळी सगळीकडून बंद असेल, तर आतल्या चिमूटभर हवेवर तो पुरेसा दाब देऊ शकतो आणि खर्ज ऐकू येतो. टिपच्या कडेला बारीकशी फट राहिली तरी तो दाब तिथून निघून जातो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना मात्र या फटीने फारसा फरक पडत नाही. ढोल-ताशा पथकाचं एखादं रेकॉर्डिंग लावून पाहा. ताशा कडकडीत ऐकू येतोय आणि ढोलाचा घुमारा मात्र नाही, तर समजा की फट आहे. अशा वेळी आवाज वाढवला किंवा इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये) बेस वर ओढला तरी ढोल येत नाही, ताशा तेवढा कानाला टोचू लागतो.

याची किंमत कानाला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. लोकलच्या डब्यात टिप नीट बसलेली नसेल तर गाडीचा खडखडाट झाकण्यासाठी आवाज बराच वर न्यावा लागतो. नीट बसली असेल तर तेच गाणं खूप कमी आवाजात पुरतं. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारी यंत्रणा असलेल्या इअरफोनलाही हेच लागू आहे. ती यंत्रणा पंखा, इंजिन, विमान यांच्या सलग घरघरीवर चांगली चालते. माणसांचं बोलणं आणि भांड्यांचा खणखणाट अडवण्याचं काम मुख्यतः टिपच करते. फट असेल तर दोन्हीकडून नुकसान.

दोन्ही कानांना एकच माप लावणं

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, तिला दोन हलकी वळणं असतात, आणि तिचं तोंडही पुष्कळदा गोल नसून अंडाकृती असतं. डावा आणि उजवा कान तंतोतंत सारखे नसतात. म्हणून उजवीकडे मध्यम आणि डावीकडे लहान माप लागणं अगदी नेहमीचं आहे. जोडी विस्कटते म्हणून त्याला घाबरू नका. एकाच बाजूला बेस कमी वाटत असेल तर सगळ्यात आधी त्या बाजूचं माप बदलून पाहा.

तपासायची सोपी रीत सांगतो, तिला फोनही लागत नाही. इअरफोन बंद ठेवून दोन्ही कानांत घाला, ओठ मिटा आणि खालच्या सुरात ‘म्म्म’ असा गुणगुणाट करा. दोन्ही कान नीट बंद असतील तर आवाज डोक्याच्या मधोमध घुमतो. एका बाजूला फट असेल तर घुमारा दुसऱ्या, म्हणजे नीट बंद असलेल्या बाजूला सरकतो. काही इअरफोनना कानावरचा दाब कमी करण्यासाठी बारीक छिद्रं ठेवलेली असतात. त्यांत हा घुमारा कमी असतो, पण डाव्या-उजव्यातला फरक तरीही कळतो.

दुसरी रीत बेसची. एकसारखा खर्ज सूर किंवा डग्ग्याचे घुमारेदार बोल असलेला तुकडा लावा आणि इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबताच बेस उसळून वर आला तर एरवी तिथे फट राहते आहे. काहीच फरक पडला नाही तर टिप नीट बसली आहे. एअरपॉड्स प्रो, गॅलेक्सी बड्समधली काही मॉडेल्स आणि सोनीचे काही इअरफोन यांच्या सेटिंगमध्ये किंवा अॅपमध्ये अशी चाचणी तयारच मिळते. ती जरूर करा, फक्त स्वस्थ बसून करू नका. चाचणी झाली की दोन वाक्यं बोला, थोडं हसा, वर बघा, काहीतरी चावा आणि पुन्हा तपासा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो. तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो, बहुतेकांची थोडी रुंदावते. स्वस्थ बसल्यावर उत्तम वाटणारी टिप फोनवर बोलताना हवा सोडते ती यामुळेच.

मोठं माप म्हणजे घट्ट, असा समज

फट आहे असं कळलं की माणूस मोठी टिप लावतो. कधीकधी तेच बरोबर असतं. पण नळीपेक्षा फार मोठी टिप आत जाताना दुमडते, तिच्या कडेला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच हवा निसटते. शिवाय ती तोंडाशीच अडते, खोल जात नाही आणि स्वतःच्या ताणाने हळूहळू बाहेर ढकलली जाते. दर पाच मिनिटांनी इअरफोन आत सरकवावा लागत असेल तर मोठ्याऐवजी एक माप लहान घ्या आणि ती जरा खोल बसवा. पुष्कळांचा प्रश्न इथेच सुटतो.

मापाइतकाच आकारही महत्त्वाचा. घुमटासारख्या टिप्स तोंडाशी बसतात, निमुळत्या टिप्स आत जातात, आणि दोन-तीन कडांच्या टिप्स आणखी खोल जातात. इटिमोटिक कंपनीने १९९१ साली आणलेल्या ईआर-४ या इअरफोनपासून तीन कडांची खोल बसणारी टिप ही तिची ओळख आहे. बाहेरचा आवाज अडवण्यात ती फार सरस आहे, पण ती सगळ्यांना सोसवत नाही. कानाच्या नळीचा बाहेरचा साधारण एकतृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचीक असतो. त्याच्या आतला भाग हाडाचा असतो आणि तिथली त्वचा अगदी पातळ असते. तिथे टेकलेली टिप दुखणारच. जरा आत सरकवल्यावर तीक्ष्ण कळ आली तर लगेच मागे घ्या. ‘सवय होईल’ म्हणून ती कळ सोसू नका.

नुसतं ढकलणं

माप बरोबर असूनही टिप बसत नाही, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी घालण्याच्या पद्धतीत असतं. माझ्या मते या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. उजव्या हातात उजवा इअरफोन धरा. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग पकडा आणि वर व मागे हलकेच ओढा. यामुळे नळीचं वळण बरंच सरळ होतं. आता इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि मग कान सोडा. सुटलेला कान टिपभोवती आपोआप आवळतो. नेहमीच्या टिपने इतका फरक पडू शकतो, हे बऱ्याच जणांना एकदा करून पाहिल्यावरच पटतं.

घालताना सावकाश घाला. झटक्यात ढकललं तर आत हवा कोंडते, कानाला दडा बसल्यासारखं वाटतं आणि काही इअरफोनमधून कागद चुरगळल्यासारखा ‘कर्र’ आवाज येतो. तो इअरफोनच्या पडद्यावर हवेचा दाब पडल्याचा आवाज असतो. काढताना वायरला धरून सरळ ओढू नका. आधी इअरफोन थोडा पिळून हवा आत शिरू द्या, मग काढा.

वायर असलेल्या इअरफोनमध्ये वायर कपड्यांवर घासली की खरखर थेट कानात येते. वायर कानामागून फिरवून घेतली की ती बरीच कमी होते. बुगडी किंवा भिकबाळी घालणाऱ्यांना मात्र कानामागचा कडक हुक वरच्या कडेला टोचतो, आणि चष्म्याची काडीही त्याच जागेसाठी भांडते. त्यांनी मऊ वायरचं किंवा हुक नसलेलं मॉडेल पाहावं.

फोमला सिलिकॉनसारखं वागवणं

फोमच्या टिप्स कानाच्या आकाराप्रमाणे फुलतात, म्हणून अंडाकृती किंवा अवघड नळीला त्या छान बसतात. पण त्या तशाच ढकलल्या तर त्यांचा काही उपयोग नाही. बोटांच्या चिमटीत फिरवत बारीक करा, कान ओढून लगेच आत घाला आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. थंडीत फोम कडक होतो, तेव्हा आधी मुठीत धरून थोडा गरम करा. फोम वरचे चरचरीत आवाज किंचित मऊ करतो. कुणाला ते सुखद वाटतं, कुणाला गाणं झाकोळल्यासारखं वाटतं.

फोम टिकत नाही, हे आधीच धरून चाला. रोजच्या वापरात काही महिन्यांतच तो लवचीकपणा गमावतो. दाबल्यावर सावकाश न फुलता चपटाच राहत असेल किंवा झटकन उसळत असेल, तर तो बदला. धुऊन, स्पिरिट लावून त्याला जीवदान मिळत नाही, उलट तो लवकर फाटतो. मला विचाराल तर आधी सिलिकॉनची मापं आणि घालण्याची पद्धत पुरेपूर तपासा. तरीही जमलं नाही तरच फोमवर पैसे घाला.

‘सगळ्याला बसतं’ म्हणून सुट्या टिप्स घेणं

टिपच्या आतलं भोक आणि टिप जिच्यावर चढते ती इअरफोनची नळी यांचं माप जुळावं लागतं. शुअरसारख्या काही कंपन्यांची नळी साधारण ३ मिलिमीटर, इतर पुष्कळांची ५ ते ६ मिलिमीटर, तर एअरपॉड्स प्रोची अंडाकृती आणि खास खटक्याची. सैल टिप इअरफोनवरून निसटून कानातच राहण्याचा धोका असतो. तसं झालंच तर हेअरपिन, चिमटा, काडी यांतलं काही वापरू नका, त्याने टिप आणखी आत जाते. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, त्यांच्यासाठी हे थोडक्या वेळाचं काम असतं. नवी टिप लावल्यावर ती हाताने हलकेच ओढून पाहण्याची सवय ठेवा. वायरलेस इअरफोनसाठी घेताना टिपची उंचीही पाहा. उंच टिप लावल्यावर चार्जिंग केसचं झाकण पूर्ण लागत नाही, इअरफोन चार्जिंगच्या पिनांना टेकत नाही, आणि सकाळी एक बाजू बंद पडलेली सापडते.

तेल, घाम आणि मळ

कानात तेल घालायची पद्धत आपल्याकडे अजून घरोघरी आहे. तेल घातलेल्या कानात टिप टिकत नाही, घसरते. फोम तेल शोषून निकामी होतो, आणि तेलात मिसळलेला मळ इअरफोनच्या जाळीवर जाऊन बसतो. केसांना चोपडलेलं तेल कानशिलावरून ओघळून तेच करतं. पावसाळ्यात आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट होते. तासन्‌तास बंद ठेवलेल्या ओलसर कानात बुरशीचा संसर्ग व्हायला वाव मिळतो. अंघोळीनंतर किंवा व्यायामानंतर कान कोरडा होऊ द्या, मगच इअरफोन घाला. सतत खाज, पाणी येणं किंवा कान जड होणं असेल तर कानात घालायचे इअरफोन पूर्ण बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्या काळात नवी टिप शोधत बसू नका.

सिलिकॉनच्या टिप्स काढून कोमट पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. कान मात्र कापसाच्या काडीने कोरू नका. काडी मळ आत ढकलते, आणि वर टिप घातली की तो आणखी दाबला जातो.

टिपचा दोष नसताना टिप बदलत बसणं

एका बाजूचा आवाज कमी येत असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात धरून पाहा. आवाज त्याच कानात कमी राहिला तर प्रश्न कानाचा किंवा मापाचा. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर प्रश्न इअरफोनचा, आणि बहुतेक वेळा मळाने बुजलेल्या जाळीचा. सगळाच आवाज दबलेला असेल तर जाळीवर संशय घ्या. फक्त बेस गेला असेल तर फटीवर. जाळी तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. सुईने टोकरू नका.

दुखण्याचंही तसंच. कानाच्या नळीच्या तोंडाशी चारी बाजूंनी ठसठसत असेल तर टिप मोठी आहे. कानाच्या बाहेरच्या खळग्यात एकाच जागी दुखत असेल तर इअरफोनचं अंग तिथे रुततंय. त्याला टिपचं माप उपयोगी नाही. थोडी लांब टिप लावून इअरफोन बाहेर उचलला जातो का पाहा, नाहीतर लहान अंगाचं मॉडेल घ्या.

कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज आणि पावलांचा धप्पधप्प घुमणं हा बिघाड नाही. उलट टिप नीट बसल्याची ती खूण आहे. पण धावणाऱ्यांना आणि दिवसभर कॉलवर असणाऱ्यांना ते खरंच नकोसं होतं. त्यांनी कान बंद न करणारे इअरफोन घ्यावेत. रस्त्यावर आणि रुळांजवळ तर सगळ्यांनीच कान मोकळे ठेवावेत.

एवढं सगळं करूनही बसत नसेल, किंवा गाणं-वादन हा व्यवसाय असल्याने तासन्‌तास मॉनिटर (कार्यक्रमात स्वतःचं गाणं-वादन ऐकण्यासाठी कानात घालायचा इअरफोन) घालावा लागत असेल, तर कानाच्या मापाने साचा बनवून घेता येतो. श्रवणयंत्रं देणाऱ्या केंद्रातले ऑडिओलॉजिस्ट कानात मऊ मिश्रण भरून छाप घेतात. छाप घेताना तोंड उघडं ठेवायचं की मिटलेलं, हे त्यांना आधी विचारा. गायकांसाठी आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वादकांसाठी दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून छाप घेणं योग्य. मिटल्या तोंडाने घेतलेल्या छापेचा साचा गाताना तोंड उघडलं की हवा सोडू शकतो. साचा हातात आल्यावर कुठे रुतला किंवा फट राहिली तर दुरुस्ती किती दिवसांत आणि किती खर्चात करून मिळेल, तेही पैसे भरण्याआधीच ठरवून घ्या.