माळ्यावरची ट्रंक रद्दीत देऊ नका: जुन्या पॉलिसीतून जमीन साफ करायचे पैसे कसे मागायचे

मी मालाडला नाइट शिफ्ट करतो, अमेरिकन इन्शुरन्सच्या जुन्या क्लेमचे कागद वाचायचं काम, त्यामुळे नात्यात कोणाचं तिकडे काही अडलं की फोन मलाच येतो. या वेळी मामेबहिणीचा आला. तिच्या सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात न्यू जर्सीत बिल्डिंग घेतलेली, खाली ड्रायक्लीनरला भाड्याने दुकान, पुढे ते दादरला परत आले, आता ते नाहीत आणि बिल्डिंग विकायला काढली तर तपासणीत जमिनीत पर्क निघालं, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं ते केमिकल. म्हणाली, आत्ताच्या इन्शुरन्सवाल्यांनी सरळ नाही सांगितलं. म्हटलं ताई, आत्ताच्यांना विचारलंसच कशाला!

झालंय काय, की १९८६ च्या आधीच्या तिकडच्या जनरल लायबिलिटी पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या) बहुतेक 'ऑकरन्स'वाल्या असायच्या, म्हणजे क्लेम कधी आला ते नाही बघायचं, नुकसान कधी होत होतं ते बघायचं. १९७८ ला पर्क मुरत होतं ना, मग १९७८ ची पॉलिसी आजही लागू होऊ शकते, प्रीमियम बंद होऊन चाळीस वर्षं झाली तरी. १९८६ पासून स्टँडर्ड फॉर्ममध्ये प्रदूषण जवळजवळ पूर्णच बाहेर काढलं, त्यामुळे नंतरच्या पॉलिसींमागे फार धावू नका. मधली, १९७३ ते १९८५ ची, जरा भांडणाची. त्यात 'अचानक आणि अपघाताने' झालेलं प्रदूषणच चालेल अशी ओळ असते आणि ती वाचून लोक फाइल बंद करतात. करू नका. प्रत्येक राज्यात कोर्ट त्या ओळीचा अर्थ वेगळा लावतं. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये ती ओळ कंपन्यांना पाहिजे तशी लावायला नकार दिला, कारण ती मंजूर करून घेताना कव्हर किती कमी होतंय हे कंपन्यांनी सरकारला नीट सांगितलंच नव्हतं. कोणी मुद्दाम ओतलं असेल तर मात्र विषय संपला.

आता खरं काम, कागद शोधणं. पॉलिसी आख्खी मिळायलाच पाहिजे असं नाही, ती होती आणि त्यात साधारण काय होतं हे दुसऱ्या कागदांवरून दाखवता येतं. प्रीमियमच्या चेकची पावती, हिशोबाची वही, टॅक्सची फाइल, एजंटचं पत्र, काहीही. बँकेने कर्ज देताना इन्शुरन्सचा पुरावा मागितलेला असतो, तो कर्जाच्या फाइलीत सापडू शकतो. भाडेकराराकडे तर नीट बघा, कारण भाडेकरूने विमा काढून मालकाचं नाव त्यात घालायचं असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, म्हणजे ड्रायक्लीनरच्या पॉलिसीतही तुम्ही असू शकता आणि तुम्हाला पत्ताच नसतो. नुसता पॉलिसी नंबर मिळाला तरी सोडू नका, त्यावरून कंपनी, वर्ष, प्रकार कळू शकतो. आणि कंपनीचं नाव आज कुठे दिसत नाही म्हणून घाबरू नका, ती कोणीतरी विकत घेतलेली असते. हे शोधून देणारे लोक तिकडे आहेत, त्यांना चक्क इन्शुरन्स आर्किऑलॉजिस्ट म्हणतात! ताईच्या केसमध्ये उत्खनन दादरला झालं. माळ्यावरच्या ट्रंकेत १९७४ पासूनची पाकिटं, आणि सासूबाई ती गेल्या दिवाळीत रद्दीवाल्याला देणार होत्या.

जितकी वर्षं सापडतील तितकी शोधा, एकावर थांबू नका. न्यू जर्सीत नुकसान अनेक वर्षं चालू असेल तर खर्च त्या सगळ्या वर्षांवर वाटतात, त्यामुळे हरवलेल्या वर्षाचा हिस्सा तुमच्या खिशातून जाऊ शकतो.

कागद मिळाले की सगळ्या कंपन्यांना, सगळ्या वर्षांसाठी, एकदम लेखी नोटीस. आणि हे खोदकामाच्या आधी!! पॉलिसीत अशी अट असते की कंपनीला न विचारता स्वखुशीने केलेला खर्च मिळणार नाही. लोक घाईत कॉन्ट्रॅक्टर लावतात, लाखो डॉलर घालवतात आणि मग बिल घेऊन जातात. जमीन साफ करा असं सरकारी पत्र आलं असेल तर तेही नोटिशीला जोडा, कारण बऱ्याच राज्यांत तसं पत्र म्हणजे दावाच धरतात आणि मग तुमचा वकील द्यायची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते, तो खर्च बहुतेक वेळा लिमिटच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या कमाल रकमेच्या, बाहेरचा.

अजून एक, ही पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आहे, तुमच्या स्वतःच्या जमिनीसाठी नाही, कंपनी हेच पहिलं सांगणार. म्हणून भूजलाचे सॅम्पल महत्त्वाचे. पर्क पाण्यापेक्षा जड, खाली खाली जात राहतं, आणि भूजल काही तुमच्या मालकीचं नसतं. शेजारच्या प्लॉटकडे गेलं असेल तर केस अजून मजबूत, आनंदाची बातमी नाही पण आहे तसं आहे.

उत्तरात 'हक्क राखून' असं काहीतरी लिहिलेलं पत्र येईल. म्हणजे सध्या बघतो, पण नंतर नाही म्हणायचा हक्क ठेवतो. तो नकार नाही, घाबरू नका. नंतर एकरकमी पैसे घ्या आणि पॉलिसी आम्हाला परत द्या अशी ऑफर येऊ शकते, तेव्हा पूर्ण सफाईचा अंदाज हातात आल्याशिवाय सही नको. वकील पॉलिसीधारकांच्या बाजूनेच लढणारा बघा, कंपन्यांचं काम करणारा नको.

कुर्ल्याच्या गाळ्याला हे चालेल का असं ताईच्या नवऱ्याने लगेच विचारलं. फार आशा ठेवू नका. आपला १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा भोपाळनंतर आला आणि तो घातक पदार्थांच्या अपघातात सापडलेल्यांना मदत देण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं मुरलेली माती साफ करायला नाही. तरी आजोबांच्या काळची खाजगी कंपनीची पॉलिसी सापडली तर फेकू नका. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा शंभरहून जास्त कंपन्या न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चारांत गेल्या, तुमची या चारांपैकी कुठल्या कंपनीत गेली ते काढा आणि मगच वकिलाला अटी वाचायला द्या.

ट्रंक सध्या माझ्याकडे आहे, रविवारी स्कॅन करायला बसतोय. वाळवीने १९७९ अर्धं खाल्लंय पण पॉलिसी नंबर वाचता येतोय.